डाळीएवढा चेहरा, दहा फुटी बोर्ड

(उत्तम पेंटर, शिरूर, यांनी सांगितलेलं, सांगितलं तसं उतरवलेलं)

शिरूर आणि दौंड तालुक्यातील तमाम बंधू-भगिनींना, माता-मावश्यांना, आजी, माजी आणि भावी पदाधिकाऱ्यांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, माणूस कितीबी मोठा असला तरी त्याचा फोटो जेवढा हाय तेवढाच असतो. तो ओढून मोठा होत न्हाई. बातमी गंभीर हाय, टोप्या काढा, दोन मिनिटं उभं राहून मौन पाळा. हां, बसा आता. हसू नका, काय सांगू तुम्हाला, ह्या एवढ्या एका बातमीवर माझं अर्धं आयुष्य गेलं, आन् ती लोकांना पटवता पटवता माझ्या डोक्यावरचे केस गेले. लोकांना काय पटलं न्हाई ते न्हाईच. केस मातर गेले.

माझा जन्म खुटबावचा, दौंड तालुक्यातला. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, आन् वस्तीच्या पलीकडं रेल्वेचा रूळ. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, रेल्वेत गँगमन व्हते. गँगमन म्हंजी काय, तर उन्हातान्हात रुळाखाली खडी ठोकायची, बोल्ट आवळायचे, गाडी आली की बाजूला सरायचं आन् गाडी गेली की परत वाकायचं. आबा जन्मभर वाकले ते रिटायर झाल्यावरबी सरळ झाले न्हाईत. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, आन् दुपारच्याला मालकाला सांगून आबांची भाकरी घेऊन रुळाच्या कडंकडंनं चालत जायची, कारण गँग आज हितं तर उद्या पाटसाच्या अंगाला, आन् सकाळची भाकरी बांधून न्यावी तर दुपारपर्यंत तिचा पापड.

तुम्ही रूळ लांबपर्यंत बघितलाय का कधी? दोन्ही रूळ पार टोकाला एक झाल्यागत दिसतात, आन् उन्हाळ्यात तिथं नुसती वाफ हलत असती. त्या वाफंत एक ठिपका दिसायचा. मुंगीएवढा. आन् तो दिसला रं दिसला की आबा पहार टाकून, हात वर करून सगळ्या गँगला वरडून सांगायचे, सुट्टी करा रं, आमची आली! मुकादम म्हणायचा, आरं म्हाद्या, तिथं शेळी हाय का बाई हाय ते कळंना, तुझीच कशावरून? आबा म्हणायचे, चाल बघा की मुकादम. आन् चिलीम ओढून व्हायच्या आत खरंच आई निघायची, डोक्यावर पाटी, पदराचं टोक दातात. एकदाबी चुकले न्हाईत. मी लहान असताना आईसंगट जायचो, तवा मला वाटायचं आबांच्या डोळ्यात दुर्बीण हाय.

गँगवाले चेष्टा करायचे, म्हाद्या, एवढी लांबनं ओळखतोस, आन् जवळ आल्यावर बघत न्हाईस तिच्याकडं? ते बी खरं व्हतं. आई फडकं सोडून भाकरी ठेवायची आन् चार हात लांब जाऊन पाठ करून बसायची, आबा खाली मान घालून जेवायचे. चार माणसांत नवराबायकोनं एकमेकाकडं बघायची रीत नव्हती तवा. बोलणं एवढंच, मीठ जास्त झालंय. व्हय का. झालं. संसार झाला.

मी शाळेत फळ्यावरच्या अक्षरापरीस फळ्याची चौकट रंगवायला जास्त हुशार. दहावीला इंग्रजीनं पाय धरला, मग माझ्या मामानं मला चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या वाटेनं यष्टीत घालून शिरूरला आणलं आन् गफूरचाचांच्या पायाशी बसवलं. गफूरचाचा म्हंजी शिरूरचे पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची कमळं, निवडणुकीच्या भिंती, तंबूतल्या टॉकीजची मोठाली चित्रं, आमच्या जयंतीच्या कमानी, सगळं चाचांच्या हातचं. उंची एवढीशी, दाढी मेंदीची, आन् शिव्या अशा गोड द्यायचे की खाणाऱ्याला भूक लागावी.

चाचांनी मला फोटो मोठा करायला शिकवला. हातानं, बरं का. बारक्या फोटोवर पेन्सिलीनं चौकोन आखायचे, भिंतीवर खडूची दोरी मारून तेवढेच मोठे चौकोन आखायचे, आन् मग इकडल्या एका चौकोनात जे हाय ते तिकडल्या चौकोनात काढायचं. नाक काढतोय का कान काढतोय ते बघायचं न्हाई, फक्त चौकोन बघायचा. सगळे भरले की खडू पुसायचा, चौकोन गायब, माणूस हजर. मी शिडीवर चढून एका हिरोच्या गालाला रंग देत बसलो व्हतो, जवळनं बघावं तर नुसती तपकिरी लेप-लेप, मला रडू यायचं राहिलं व्हतं. चाचा खालनं वरडले, उतर नीचे, गधे, रस्त्याच्या पल्याड जा आन् तिथनं बघ. गेलो पल्याड. काय सांगू, हिरो माझ्याकडं बघून हसत व्हता. चाचा म्हणले, शिडीवर उभा राहून शकल बघू नको, बेटा, शकल नेहमी रस्त्याच्या पल्याड असती. ध्यानात राहिलं. पण कामाला कवा येणार, ते त्या दिवशी कुठलं कळायला.

मग कॉम्प्युटर आला, आन् कॉम्प्युटरच्या पाठोपाठ फ्लेक्स आला. चाचांना चार दिवस लागायचे ती पाटी मशीन चहा होईस्तोवर ओकायचं. मी काळ ओळखला, डीटीपीचा क्लास केला, बसस्टँडजवळ एक गाळा धरला, आन् बाहेर बोर्ड लावला, उत्तम पेंटर. पेंटर म्हणायचं आन् ब्रश न्हाई, असला पेंटर. फाइल बनवून सीडीवर घ्यायची, पुण्याला पाठवायची, संध्याकाळच्या यष्टीनं सुरळी परत. चाचा एकदाच आले माझ्या दुकानात. एक ताजा फ्लेक्स भिंतीला उभा केला व्हता, तो त्यांनी जवळनं बघितला, हात फिरवला, म्हणले, ब्रश कुठनं फिरलाय ते दिसत न्हाई रे. मग हळूहळू चालत रस्ता ओलांडून पल्याड गेले, तिथं उभं राहून बघितला, आन् तिथनंच हात हालवून घराकडं निघून गेले. आत परत आले न्हाईत, त्या दिवशी बी न्हाई आन् नंतर बी न्हाई. त्यांचे ब्रश रॉकेलच्या डब्यात उभे होते तसेच वाळले म्हणं. असो. असो म्हणायचं आन् पुढं जायचं, दुसरं काय करता येतं सांगा.

आता फ्लेक्सचं गणित. आईनं भाकरी थापताना बघितली असंल तुम्ही. पिठाचा एक गोळा, त्याची एक भाकरी. तोच गोळा परातीभर थापायला गेलात तर मधी भोकं पडणार. फोटोचं तसंच. फोटोत ठिपके असतात, जेवढे हायेत तेवढेच. लग्नपत्रिका माणूस हातात धरून नाकाजवळ नेऊन वाचतो, तिथं इंचाला तीनशे ठिपके पाहिजेत, दाट, घट्ट भाकरी. फ्लेक्स यष्टीतनं बघायचा असतो, तिथं इंचाला बहात्तर असले तरी लई झाले, त्याच्या खालीबी भागतं. पण गोळाच सुपारीएवढा असला आन् तुम्ही म्हणला दहा फुटी कर, तर कॉम्प्युटर काय करणार? एकेक ठिपका ताणून विटेएवढा करणार. मग डोळ्याच्या जागी चार विटा, तोंडाच्या जागी सहा विटा. आन् गिऱ्हाईक हुशार असतं, ते म्हणतं, पेंटर, त्या खिडकीत तीनशे आकडा टाका की, माझ्या भाच्यानं सांगितलंय. टाकतो की. पण आकडा वाढवला म्हणून पीठ वाढत न्हाई, पाणी वाढतं. विटा जातात आन् पिठलं होतं. धुक्यात उभा केल्यागत माणूस. मी सुद्धा नवानवा असताना दहा फुटी बोर्डाला इंचाला तीनशे टाकले व्हते, कॉम्प्युटर असा घुमायला लागला जसा काय त्याच्या अंगात आलंय, शेजारचा टेलर ऊद घेऊन आला.

आन् ताणायचं तर विचारूच नका. निमोण्याचे एक भावी आले व्हते. भावी म्हंजी काय भावी ते त्यांनाबी ठरवायचं व्हतं, बोर्डावर नुसतं भावी लिहा म्हणले. वाढदिवस व्हता. माणूस खारकेसारखा, फोटो उभा, आन् बोर्ड आडवा. मी म्हणलं, साहेब, बाजूला मोकळं सोडू. ते म्हणले, मोकळं कशाला, मी भरा की. मग काय, मी दोन्ही कडंनं धरून ओढला. खारकेचा भोपळा झाला, गाल असे, मान गायब, घड्याळ मनगटावर थाळीएवढं. मला वाटलं आता मार खातो. पण भावी बोर्डासमोर उभे राहिले, पोटावरनं हात फिरवला आन् बायकोला फोन लावून सांगायला लागले, आगं, तब्येत सुधारली माझी. दर वर्षी मग तसाच ओढून घ्यायचे. जित्या माणसाचं असं असतं, त्याला काय बी शोभतं.

मेलेल्याचं तसं नसतं.

आमच्याकडं आता माणूस गेलं की दोन गोष्टी आधी होतात, एक सोयऱ्यांना फोन, दुसरी फ्लेक्सवाल्याला फोन. फाट्यावर बोर्ड लागल्याबिगर माणूस गेलं असं कुणी धरतच न्हाई. वर लिहायचं भावपूर्ण श्रद्धांजली, मधी गेलेल्याचा फोटो, आन् खाली ओळीनं शोकाकुल. शोकाकुलांचे फोटो कसे असतात? स्टुडिओत काढलेले, गॉगलवाले, मोबाइल कानाला लावलेले, मिशीचा एकेक केस मोजून घ्या. आन् गेलेल्याचा? मतदान कार्डावरचा. कंपनीच्या गेटपासचा. कुणाच्या तरी वरातीत कडंला उभा असलेला, अर्धा फेटा दुसऱ्याचाच. बायांचं तर ईचारू नका, बायांचे फोटो म्हंजी ताट घेऊन पाठमोऱ्या. त्यामुळं शिरूर-दौंडच्या रस्त्यानं तुम्ही कुठंबी जावा, बोर्डावरचे दुःख करणारे लख्ख दिसणार आन् ज्याच्यासाठी दुःख करायचं ते तेवढं पुसट. मी हे लोकांना नक्कल करून दाखवायचो, गॉगल लावून शोकाकुल व्हऊन दाखवायचो, लोक हसून हसून पडायचे. मीबी हसायचो. हसत व्हतो तवर हसलो.

मग आई गेली.

मोबाइलमधी नुकता कॅमेरा आला व्हता त्या सुमाराची गोष्ट. आजारपण असं न्हाई, पहाटंला पाणी तापवायला म्हणून उठली आन् चुलीपुढंच बसली ती बसलीच. मी शिरूरहून पोचलो, मातीला सगळी वस्ती आली, वरच्या आळीतलेबी आले. दोन दिवसांनी आबा मला हाताला धरून घराच्या मागं घेऊन गेले. आजूबाजूला कुणी न्हाई बघितलं आन् म्हणले, उत्तम, एक सांगू का, कुणाला बोलू नको. मला तुझ्या आईचा चेहरा आठवंना. मी म्हणलं, आबा, असं काय करता. ते म्हणले, खरं सांगतो. बांगड्या वाजतात. खोकला ऐकू येतो. चालती बी दिसती. पण तोंड बघाया गेलं की तिथं काय न्हाई. एवढी वर्षं मी तिच्याकडं बघितलं कवा रं? तुझ्याकडं सगळ्या तालुक्याची तोंडं हायेत, तिचं एक काढून दे.

काय सांगू तुम्हाला. तालुक्याची तोंडं माझ्याकडं व्हती, सीड्यांची चळत व्हती, आन् आईचा फोटो? सगळं घर उलटं केलं, आईचा एकबी फोटो न्हाई. मतदान कार्डावर काळा डाग, तो आई बी असू शकतो आन् चुलीवरचा तवा बी. फोटोग्राफर आला की ती म्हणायची, माझा कशाला, रोल वाया जाईल, आन् आत जायची. शेवटी माझी धाकटी बहीण सुमन, तिच्या लग्नाचा एक ग्रुप फोटो सापडला. पन्नासभर माणसं, आन् पार कडंला, दाराच्या चौकटीला टेकून, हातात पाण्याचा तांब्या, आई. चेहरा केवढा? हरभऱ्याच्या डाळीएवढा. तोबी तेलकट बोट लागून पिवळा पडलेला.

मी म्हणलं, आबांसाठी पोस्टकार्डाच्या निम्मा करतो, तेवढा निघंल, फ्रेम करू, घरात लावू. पण तिथं आमचे दाजी उभे. सुमनचे मालक. वस्तीतलं कुठलंबी काम दाजींबिगर होत न्हाई, माणूस मनानं चांगला, फक्त आवाज मोठा. ते म्हणले, पोस्टकार्ड? पेंटर, फाट्यावर वरच्या आळीच्या बागायतदारांच्या म्हातारीचा केवढा बोर्ड लागला व्हता? कुणी केला व्हता? मीच केला व्हता. दाजी म्हणले, मग? त्यांच्या म्हातारीनं जन्मभर काय केलं, पलंगावर बसून पानं खाल्ली. आन् जी त्यांच्या रानात खुरपून खुरपून मेली तिला पोस्टकार्ड? पुण्यानुमोदनाला दहा फुटी बोर्ड लागला पाहिजे, वस्तीच्या तोंडाला, सगळ्यांना दिसंल असा. मी गोळ्याचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं, विटांचं सांगितलं. दाजी म्हणले, हे तुझं तिथं गिऱ्हाइकाला सांग. आन् खरं सांगू? गणित माझं बरोबर व्हतं, पण दाजींचंबी चूक नव्हतं.

शिरूरला येऊन फोटो स्कॅनरवर ठेवला. जास्तीत जास्त घे म्हणलं, त्यानं घेतलं. काय घेतलं? कागदाचा दाणा घेतला, तेलाचा डाग घेतला, कुणाचं तरी नख उमटलं व्हतं ते घेतलं. आई तेवढीच. पडद्यावर मोठी करायला गेलो की फुटायची. जरा मागं घेतली की जमायची, परत मोठी केली की फुटायची. दिवसभर हेच. मग मी आमच्या धंद्यातली करामत केली. सगळे करतात. फोटो फुटत असला की त्याच्या सारख्या दुसऱ्या तोंडाचा माल वापरायचा. लोक म्हणायचे सुमन आईवर गेलीय, म्हणून सुमनचे डोळे घेतले, हनुवटी घेतली, कपाळ माझं घेतलं, सुरकुत्या मावशीच्या घेतल्या, केस पांढरे केले, वरनं आईचा पदर. असा झकास निघाला चेहरा, पापणी न पापणी. प्रिंट मारून खुटबावला नेला आन् आबांच्या हातात दिला.

आबांनी उजेडात धरला. लई वेळ बघितला. मग म्हणले, ही सुमन हाय. म्हातारी केलेली. सुमन मागनं डोकावली, तिनं बघितलं, तोंडाला पदर लावला आन् म्हणली, दादा, मला एवढ्यात नको रं मारू. आम्ही हसलो. आईच्या मागं घरात पहिल्यांदा कुणी हसलं असंल तर ते तवा, आन् हसताना सुमनला जे रडू फुटलं ते आवरंचना. आबांनी फोटो उलटा करून मांडीवर ठेवला. म्हणले, जसा हाय तसा लाव. तुझ्याकडचं घालू नको, तिचं काढू नको. मी म्हणलं, आबा, नुसते चौकोन दिसतील. आबा म्हणले, दिसू दे.

म्हणून तसाच छापला, दाराच्या चौकटीसकट. डाळीएवढा चेहरा, दहा फुटी बोर्ड. खाली ओळीनं दाजी, दाजींचे भाऊ, मंडळाचे अध्यक्ष, सगळे लख्ख.

पुण्यानुमोदन म्हंजी आमच्यातलं दिवसकार्य, त्या दिवशी सकाळी बोर्ड बांधला. वस्तीच्या तोंडाला, रस्त्याकडं तोंड करून. मांडव पडला, सतरंज्या आल्या, पांढरी लुगडी, पांढरे सदरे, भंतेजी आले. बोर्डाखालनं जाणारा जो तो वर बघायचा आन् लगेच खाली बघायचा. एक म्हातारी दुसरीला हळूच म्हणली, कोण गं ही? तिनं सांगितलं, आगं, हीच की, हिचाच कार्यक्रम हाय. माझ्या कानावर आलं. मी माझ्या धंद्यात लई बोर्ड बिघडलेले बघितले, पण त्या दिवशी मला त्या बांबूमागं जाऊन लपावं वाटलं.

मग आबा आले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, सुमन हाताला. हात सोडून ते बोर्डाच्या अगदी जवळ गेले, जसं चाचा गेले व्हते, आन् हात लावला. जिथं गाल असायला पाहिजे तिथं. एका चौकोनावरनं दुसऱ्या चौकोनावर बोट नेलं. नाक जवळजवळ टेकवलं. मग मागं वळून मला म्हणले, हितं काय न्हाई रं. रागानं न्हाई, साधं सांगितलं, जसं रिकाम्या कणगीत हात घालून सांगावं. आन् पुढच्या खुर्चीवर खाली मान घालून बसले.

वंदना झाली, भंतेजी बोलले, दाजी तर लई बोलले. मग सांगितलं, दोन मिनिटं मौन. सगळी माणसं उठली. मी मान खाली घालायच्या आधी बघितलं तर आबांची खुर्ची रिकामी. ते मांडवातनं बाहेर पडून चालायला लागले व्हते, बोर्डाकडं पाठ करून, रस्ता ओलांडून, रुळाच्या भरावाकडं. रूळ तिथनं असा किती लांब, आन् गाडी कवाबी येणार. मी अनवाणी पळालो. भरावाच्या पायथ्याला गाठलं, दंडाला धरलं, म्हणलं, आबा, कुठं चाललाय? ते रुळाकडंच बघत व्हते. डोळे नुसते कोरडे. आन् तिथं, काय सांगू, माझ्या कानात गफूरचाचा वरडले. उतर नीचे, गधे, रस्त्याच्या पल्याड जा. मी बघितलं तर आम्ही पल्याडच व्हतो. मी आबांच्या दोन्ही खांद्यांना धरलं, त्यांना गर्रकन वस्तीकडं फिरवलं आन् म्हणलं, आबा, आता हितनं बघा.

थांबा. चहा घ्या आधी, निवतोय. पुढचं सांगायच्या आधी आत्ताचं सांगून टाकतो, म्हंजी शेवटाला मधी काय लुडबूड नको.

तो बोर्ड दाजी कांद्यावर झाकायला मागत व्हते, चांगला जाड व्हता. आबांनी दिला न्हाई. घराच्या मागच्या भिंतीला, रुळाकडं तोंड करून लावून घेतला, आन् खालची शोकाकुलांची पट्टी मला कात्रीनं कापायला लावली. दाजी आठवडाभर बोलले न्हाईत. आबा रोज दुपारी, गँगची जेवायची सुट्टी व्हायची त्या टायमाला, भरावावर जाऊन बसायचे. फ्लेक्सची शाई ऊन खातं. आधी लाल गेला, मग पिवळा गेला, मागं नुसतं निळं निळं राहिलं. मी म्हणलं, आबा, फाइल हाय, नवा छापून देतो. ते म्हणले, नको, ती बी म्हातारी झालीच असती. पुढं निळं बी गेलं. पांढरं फडकं राहिलं, तरी ते जाऊन बसायचे.

आबाबी गेले. त्यांचा फोटो चांगला व्हता, रिटायरमेंटच्या सत्काराचा, हार घातलेला, मोप ठिपक्यांचा. बोर्ड लख्ख निघाला, लोकांनी खाली उभं राहून बघितला, वा म्हणले, आन् चालायला लागले. पल्याड कुणाला जावं लागलं न्हाई. मी तेवढा गेलो. माझं दुकान चालू हाय, आता पोरं मोबाइलवर फोटो पाठवतात, मी गोळ्याचं सांगतो, ते न्हाई ऐकत, मग मी करतो त्यांना पाहिजे तसं. कुणावर राग न्हाई. सगळ्यांचं भलं व्हावं, सगळ्यांच्या आयांचा एकतरी फोटो नीट निघावा. आईला सांगा, रोल वाया जात न्हाई.

तर मौन. सगळी वस्ती माना खाली घालून उभी, पाखराचाबी आवाज न्हाई, भंतेजींचे डोळे मिटलेले. आन् आम्ही दोघं रस्त्यापल्याड, भरावाच्या पायथ्याला. उन्हात तो बोर्ड वाफेनं हलत व्हता. मी बघितलं, आन् विटा विरघळल्या हो. दाराला टेकलेली, मान जराशी कलती, पदराचं टोक दातात. आई. मग आबांचा उजवा हात आपोआप वर गेला, हातातलं काहीतरी जड खाली टाकून वर न्यावा तसा, पाठ सरळ झाली, जी मी जन्मात कवा सरळ बघितली नव्हती, आन् त्या सगळ्या मौनाच्या डोक्यावरनं आबा गळा फाडून वरडले,

सुट्टी करा रं, आमची आली!